बशीतली परीक्षा

पेरणीच्या आधी शहाणा शेतकरी काय करतो? घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे मोजून घेतो. ओल्या गोणपाटावर ओळीने मांडतो. गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवतो. पाच-सहा दिवसांनी उलगडून पाहतो. सत्तर किंवा त्याहून जास्त दाणे उगवले तर बी चांगले. कमी उगवले तर बी जास्त घ्यायचे, नाही तर बदलायचे. आधी मूठभर दाण्यांची परीक्षा, मग एकरभर पेरणी. पेरून झाल्यावर "उगवलंच नाही" म्हणून कपाळाला हात लावण्यात काय अर्थ?

औषधाचीही अशीच परीक्षा घेता येते. रोग्याच्या अंगातले जंतू काढायचे. ते एका बशीत वाढवायचे. त्यांच्यावर निरनिराळी औषधे ठेवून पाहायचे. कोणत्या औषधाने जंतू थांबतात आणि कोणत्या औषधाला ते दाद देत नाहीत, हे बशीतच कळते. मग योग्य ते औषध रोग्याला द्यायचे.

मी पस्तीस वर्षे शाळेत काढली. पण ही परीक्षा मला ठाऊक नव्हती. ती कळली तेव्हा फार मोठी किंमत द्यायची वेळ आली होती. ती हकिगत आधी सांगतो.

माझ्या घरची गोष्ट

माझ्या पत्नीला लघवीला जळजळ होऊ लागली. बायामाणसे असली दुखणी चटकन सांगत नाहीत. तिने चार दिवस अंगावर काढले आणि मग मला सांगितले. तालुक्याच्या गावी जायचे तर अर्धा दिवस मोडतो. मी सरळ औषधाच्या दुकानात गेलो. चिठ्ठी नव्हतीच. दुकानदाराने पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या.

दोन दिवसांत तिला बरे वाटले. मी म्हणालो, "आता राहू दे. उगीच गरम औषध पोटात कशाला? उरलेल्या डब्यात ठेव. पुढं उपयोगी पडतील." मला ती काटकसर वाटली.

महिन्याने दुखणे पुन्हा आले. मी डबा काढला. उरलेल्या सहा गोळ्या तिला दिल्या. या वेळी फरक पडला नाही. दुकानातून दुसऱ्या गोळ्या आणल्या. त्यांनीही नाही. आठव्या दिवशी रात्री तिला हुडहुडी भरली. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. कमरेत कळा येत होत्या. पहाटेपर्यंत ती असंबद्ध बोलू लागली. मी समोर उभा होतो, तरी मला ओळखीना. शेजाऱ्यांनी जीप काढली आणि आम्ही जिल्ह्याच्या गावी दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी तपासले. "जंतू मूत्रपिंडापर्यंत चढलेत," त्या म्हणाल्या. "गुरुजी, आत्तापर्यंत काय काय दिलंत?" मी खिशातून डबा काढून दाखवला. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. पण त्या काही बोलल्या नाहीत. परिचारिकेला म्हणाल्या, "आधी लघवीचा आणि रक्ताचा नमुना घ्या. मग इंजेक्शन सुरू करा."

मी विचारले, "बाई, नमुना आधी कशाला? औषध आधी द्या ना!"

त्या म्हणाल्या, "औषध पोटात गेलं की नमुन्यातले जंतू अर्धमेले होतात. मग ते बशीत उगवत नाहीत. दोन मिनिटांचं काम आहे. नमुना घेतला की लगेच इंजेक्शन देते. आज अंदाजानं देतेय. परवा निकाल येईल, तेव्हा पक्कं कळेल. अंदाज चुकला असेल तर औषध बदलू."

ते दोन दिवस मी दवाखान्याच्या ओसरीवर काढले. ताप उतरत नव्हता. प्रयोगशाळेत काम करणारी एक ताई आमच्याच भागातली निघाली. माझी तगमग पाहून ती म्हणाली, "गुरुजी, या. तुमच्या घरच्यांची परीक्षा कशी चाललीय, ती काचेतून दाखवते." तिने जे दाखवले आणि समजावले, तेच तुम्हाला सांगतो.

जंतू किती वेगाने वाढतात

जंतू म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जीव. सगळेच वाईट नसतात. दुधाचे दही जंतूच करतात. आपल्या आतड्यातही असंख्य जंतू सुखाने नांदतात. त्यांतलाच एक ई. कोलाय. आतड्यात असतो तोवर बहुधा त्रास देत नाही. पण तो लघवीच्या मार्गात शिरला तर दुखणे होते. लघवीच्या मार्गाच्या दुखण्यांत हाच जंतू सर्वांत जास्त वेळा सापडतो.

जंतूला मूल होत नाही. एका जंतूचे दोन तुकडे होतात आणि त्याचे दोन जंतू होतात. दोनाचे चार, चाराचे आठ. खायला भरपूर आणि ऊब चांगली असेल तर ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. पाटी घ्या आणि हिशेब करा. एका तासात एकाचे आठ. दोन तासांत चौसष्ट. असेच चालू राहिले तर दहा तासांत १०७ कोटी! प्रत्यक्षात अन्न संपते, जागा संपते, म्हणून वाढ थांबते. पण रात्री ठेवलेल्या बशीत सकाळी डोळ्यांना दिसतील इतके जंतू का होतात, ते यावरून समजेल.

बुरशीने दाखवलेली वाट

जंतूंना मारणारी किंवा त्यांची वाढ रोखणारी जी औषधे असतात, त्यांना आपण अँटिबायोटिक म्हणतो. पुस्तकात त्यांना प्रतिजैविके म्हणतात.

त्यांची गोष्ट बशीतूनच सुरू झाली. १९२८ सालची हकिगत. लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग नावाचे संशोधक होते. ते सुटीवरून परत आले. जंतू वाढवलेल्या जुन्या बश्या टेबलावर पडून होत्या. त्यांतल्या एका बशीत बुरशी आली होती. शिळ्या भाकरीवर येते ना, तशी. दुसऱ्या कोणी ती बशी फेकून दिली असती. फ्लेमिंगने नीट पाहिले. बुरशीच्या आजूबाजूला जंतू उरलेच नव्हते. तिथली जागा स्वच्छ दिसत होती. बुरशीतून काहीतरी पाझरत होते आणि ते जंतूंना मारत होते. त्या पदार्थाला त्यांनी नाव दिले पेनिसिलिन.

पुढे ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन आणि त्यांच्या सोबत्यांनी त्याचे औषध बनवले. १९४१ साली ते एका पोलीस शिपायाला दिले. त्याचे अंग जंतूंनी सडत चालले होते. औषधाने तो सुधारू लागला. पण औषध फार थोडे तयार झाले होते. त्याच्या लघवीतून बाहेर पडलेले पेनिसिलिनसुद्धा गाळून पुन्हा वापरले. तरी ते संपले. दुखणे उलटले आणि तो गेला. जे औषध त्या शिपायाला पुरेसे मिळाले नाही, ते आपल्या घरात डब्यात पडून असते!

१९४५ साली फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या महाराष्ट्रात पुण्याजवळ पिंपरीला सरकारने पेनिसिलिनचा कारखाना काढला. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हे त्याचे नाव. कंपनी १९५४ साली स्थापन झाली आणि १९५५ पासून तिथे औषध बनू लागले.

नमुना कसा घ्यावा

आता परीक्षेकडे वळू. पहिले काम नमुन्याचे. नमुना बिघडला तर पुढचे सगळे फुकट.

लघवीचा नमुना द्यायचा असेल तर जागा आधी पाण्याने स्वच्छ धुवावी. सुरुवातीची थोडी लघवी सोडून द्यावी. मधली तेवढी डबीत धरावी. डबी दवाखान्यातून मिळते. ती आतून जंतुरहित केलेली असते. घरची लोणच्याची बाटली धुऊन नेऊ नये. डबीच्या आत बोट लावू नये. झाकण लगेच बंद करावे. नमुना दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवावा. उशीर होणार असेल तर थंड ठेवावा. बाहेर उन्हात राहिला तर त्यातले चार जंतू वाढून चार लाख होतील आणि निकाल चुकेल.

आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसे, अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी नमुना द्यावा. आधी काही घेतले असेल तर लपवू नये.

चायना ग्रासचा वाफा

प्रयोगशाळेत काचेच्या किंवा प्लास्टिकच्या चपट्या बश्या असतात. त्यांना झाकण असते. जर्मनीतल्या पेट्री नावाच्या संशोधकाने १८८७ साली ही बशी सुचवली. म्हणून तिला पेट्रीची बशी म्हणतात.

बशीत जंतूंचे अन्न असते. ते पातळ असेल तर सगळे जंतू एकमेकांत मिसळतील. म्हणून ते खरवसासारखे घट्ट हवे. पूर्वी त्यासाठी जिलेटिन वापरत. पण ते उबेने वितळे आणि काही जंतू तर ते खाऊनच टाकत. यावर उपाय सुचवला तो एका गृहिणीने. तिचे नाव फॅनी हेसे. तिचे पती बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करत. ती स्वयंपाकात गोड पदार्थ थिजवायला आगर वापरत असे. आगर समुद्रातल्या शेवाळापासून बनते. ते उन्हाळ्यातही वितळत नाही. १८८१ च्या सुमाराला तिने ते पतीला सुचवले. तेव्हापासून आजपर्यंत जगभर जंतू आगरावरच वाढवतात. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात चायना ग्रास मिळते ना? तेच ते.

तर अशा बशीवर तारेच्या बारीक कडीने नमुना पसरतात. बशी रात्रभर उबेच्या कपाटात ठेवतात. आत अंगाइतकी ऊब असते. सकाळी बशीवर बारीक ठिपके दिसतात. एकेक ठिपका म्हणजे एकेका जंतूची वाढलेली वस्ती. ताई म्हणाली, "गुरुजी, हे गुलाबी ठिपके पाहा. या बशीत एक खास साखर आणि रंग घातलाय. ई. कोलाय ती साखर आंबवतो, म्हणून त्याचे ठिपके गुलाबी होतात." पुढे आणखी काही तपासण्या करून जंतूची ओळख पक्की करतात. ठिपके मोजून जंतू किती आहेत तेही काढतात. लघवीच्या एका मिलिलिटरमध्ये एक लाख किंवा जास्त निघाले, तर ते साधारणपणे खरे दुखणे समजतात.

पहिली रात्र अशी जाते.

टिकल्या आणि वर्तुळे

दुसऱ्या दिवशी खरी परीक्षा. ताईने त्या ठिपक्यांतले थोडे जंतू मिठाच्या पाण्यात कालवले. पाणी किंचित गढूळ झाले. शेजारी एक ठरलेल्या गढूळपणाची नळी होती. दोन्ही नळ्या एकसारख्या दिसेपर्यंत तिने पाणी जुळवून घेतले. अशा पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे दहा ते वीस कोटी जंतू असतात.

कापसाचा बोळा लावलेली काडी तिने त्या पाण्यात बुडवली आणि नव्या बशीवर फिरवली. मग बशी थोडी वळवून पुन्हा फिरवली. परत वळवून तिसऱ्यांदा फिरवली. आपण वाफ्यात मेथी फोकतो तेव्हा कुठे दाट, कुठे विरळ होऊ देत नाही. तसेच हे.

मग तिने एका छोट्या नळकांडीतून कागदाच्या गोल टिकल्या काढल्या. कपाळाला लावायच्या टिकलीएवढ्याच, सहा मिलिमीटर रुंद. प्रत्येक टिकलीत वेगळे औषध ठरलेल्या मापाने मुरवलेले. तिच्यावर औषधाच्या नावाची अक्षरे छापलेली. चिमट्याने तिने एकेक टिकली बशीवर ठेवली आणि हलकेच दाबली. दोन टिकल्यांत अंतर सोडले. मग बशी पालथी करून उबेच्या कपाटात ठेवली. पस्तीस अंश उबेत, सोळा ते अठरा तास.

रात्रभर आत काय होते? टीपकागदावर शाईचा थेंब टाकला तर तो पसरतो. मध्ये गडद, कडेला फिका. तसेच टिकलीतले औषध आगरात पसरते. टिकलीजवळ ते तीव्र असते. दूर जावे तसे सौम्य होते. इकडे जंतूही वाढू लागतात. औषधाने त्यांना रोखले तर टिकलीभोवती स्वच्छ गोल जागा राहते. वाफ्यात मिठाचा खडा टाकला तर भोवती काही उगवत नाही, तसे ते दिसते. औषध लागू नसेल तर जंतू थेट टिकलीला भिडून वाढतात.

सकाळी मी काचेतून ती बशी पाहिली. बशीभर धुक्यासारखा पांढुरका थर होता. काही टिकल्यांभोवती स्वच्छ वर्तुळे होती. काहींना जंतूंनी चारी बाजूंनी वेढले होते. त्यांतली एक टिकली दाखवून ताई म्हणाली, "हे परवापासून चालू असलेलं इंजेक्शन." त्या टिकलीभोवती वर्तुळ नव्हते. माझे पाय लटपटले.

ताई लगेच फोनकडे गेली. निकालाचा कागद छापायच्या आधी तिने डॉक्टरीणबाईंना कळवले. तासाभरात इंजेक्शन बदलले. तिसऱ्या दिवशी पहाटे पत्नीचा ताप उतरला. तिने डोळे उघडले आणि विचारले, "म्हशीचं कोण बघतंय?" मी ओसरीवर येऊन रडलो.

मोठे वर्तुळ म्हणजे चांगले औषध नव्हे

आता एक गंमत ऐका. मी बशी पाहून ताईला म्हणालो होतो, "ज्याचं वर्तुळ मोठं, ते औषध जोराचं. सोपं आहे!"

ती हसली. म्हणाली, "गुरुजी, इथंच सगळे फसतात. सगळ्या इयत्तांना एकच प्रश्नपत्रिका देता का तुम्ही?"

प्रत्येक औषध आगरात सारख्या वेगाने पसरत नाही. टिकलीत मुरवलेले मापही वेगवेगळे असते. म्हणून प्रत्येक औषधाची पास होण्याची रेघ वेगळी. ताईने दोन टिकल्या दाखवल्या. दोन्हींची वर्तुळे तिने मोजपट्टीने मोजली. दोन्ही अठरा मिलिमीटर! पण निकाल उलटे. समजावे म्हणून दोन नावे नाइलाजाने लिहितो. एक टिकली नायट्रोफ्युरँटॉइनची. ई. कोलायसाठी तिची रेघ सतरा मिलिमीटर. अठरा म्हणजे पास. दुसरी सिप्रोफ्लॉक्सॅसिनची. तिला पास व्हायला सव्वीस लागतात आणि एकवीस किंवा कमी म्हणजे नापास. अठरा म्हणजे सरळ नापास.

या रेघा कोणी मनाने ठरवत नाही. जाणकारांची मंडळे त्या अभ्यासाने ठरवतात आणि वेळोवेळी सुधारतात. प्रयोगशाळेत त्यांचे तक्ते असतात.

पूर्वी असे नव्हते. आपल्याकडे एके काळी गावागावाची पायली वेगळी असे. एका गावचे माप दुसऱ्या गावी चालत नसे. तसेच एकेका प्रयोगशाळेची रीत वेगळी होती. एकीचा निकाल दुसरीशी जुळत नसे. अमेरिकेत सिॲटल शहरात बॉअर, कर्बी, शेरिस आणि टर्क या चौघांनी एकच रीत नक्की केली आणि १९६६ साली प्रसिद्ध केली. टिकली केवढी, जंतू किती, ऊब किती, सगळे ठरले. आता आगराचा थरसुद्धा चारच मिलिमीटर जाड ठेवतात. थर जाड झाला तर औषध खाली मुरते आणि वर्तुळ लहान येते. आज साठ वर्षे होत आली, तरी टिकल्यांची परीक्षा जगभर मुख्यतः याच रीतीने चालते.

आणि परीक्षकाचीही परीक्षा असते बरे! प्रयोगशाळेत एक ओळखीचा जंतू सांभाळून ठेवलेला असतो. त्याची वर्तुळे केवढी यायला हवीत हे ठाऊक असते. ठरलेल्या दिवशी त्याचीही बशी लावतात. वर्तुळे बरोबर आली तरच टिकल्या आणि आगर ठीक. दुकानातला तराजू खात्रीच्या वजनाने तपासतात, तसे.

निकालाचा कागद

निकालाच्या कागदावर औषधांची नावे आणि पुढे एकेक अक्षर असते. एस म्हणजे जंतू या औषधाला दाद देतो. आर म्हणजे दाद देत नाही. आय म्हणजे मधला प्रकार. मात्रा वाढवली किंवा औषध त्या जागी भरपूर साचत असेल तर उपयोग होऊ शकतो.

मला वाटले, एस दिसले की संपले. घ्या ते औषध! पण तसे नाही. माझ्या पत्नीच्या कागदावर नायट्रोफ्युरँटॉइनपुढे एस होता. तरी डॉक्टरीणबाईंनी ते दिले नाही. मी कारण विचारले. त्या म्हणाल्या, "हे औषध लघवीत चांगलं साचतं. पण रक्तात आणि मूत्रपिंडाच्या मांसात पुरेसं पोचत नाही. साध्या जळजळीला चालतं. जंतू वर चढून ताप आल्यावर चालत नाही." शिवाय रोग्याचे वय, पोटात बाळ आहे का, मूत्रपिंड कसे चालते, हेही पाहावे लागते. म्हणून कागद आपण जपून ठेवावा, पण औषध डॉक्टरांनीच निवडावे. कोणत्या इंजेक्शनाने माझी पत्नी बरी झाली, त्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाही तर कोणी ते चिठ्ठीवर उतरवून दुकानात जाईल.

टिकल्यांची ही एकच रीत आहे असे नाही. कधी नळ्यांच्या ओळीत औषध निम्मे-निम्मे करत जातात. पहिलीत सोळा, मग आठ, चार, दोन, एक. सर्वांत कमी औषधाच्या ज्या नळीत जंतू वाढत नाही, ते त्या औषधाचे किमान माप. हे काम आता यंत्रेही करतात. क्षयाचा जंतू फार सावकाश वाढतो. त्याच्या परीक्षेला बशीत कित्येक आठवडे लागतात. म्हणून आता यंत्रात बेडक्याची तपासणी करून सुमारे दोन तासांत क्षय आहे का आणि रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का, दोन्ही सांगतात. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात ही तपासणी फुकट होते.

जंतू निर्ढावतात कसे?

मी ताईला विचारले, "पहिल्या वेळी ज्या गोळ्यांनी बरं वाटलं, त्याच पुढं का चालल्या नाहीत?"

जंतू कोट्यवधी असतात. सगळे एकसारखे नसतात. वाढताना एखाद्यात चुकून फरक पडतो आणि तो औषधाला टिकतो. औषध आले की बाकीचे मरतात. हा उरतो. आता त्याला रान मोकळे. त्याची सगळी पिल्ले त्याच्यासारखीच चिवट. शेत अर्धवट खुरपले तर कोवळे तण जाते आणि हरळी राहते. पुढच्या पावसात शेतभर हरळीच.

औषध चुकवायच्या त्यांच्या युक्त्याही अनेक. काही जंतू औषध तोडणारा रस तयार करतात. पेनिसिलिन तोडणारा असा रस तर औषध सर्वत्र वापरात येण्याआधीच, १९४० साली सापडला होता. काही जंतू आत आलेले औषध बाहेर उपसून टाकतात. काही आपले कुलूप बदलतात, म्हणजे औषधाची किल्ली लागत नाही. आणि सर्वांत वाईट म्हणजे ही विद्या ते एकमेकांना देतात. परीक्षेत पोरे चिठ्ठी सरकवतात ना, तशी एक जंतू दुसऱ्याला सरकवतो. दुसरा वेगळ्या जातीचा असला तरी! जपानमध्ये १९५९ साली हगवणीच्या जंतूंत हे प्रथम दिसून आले.

आपण औषध घेतो ते फक्त दुखण्याच्या जंतूला लागत नाही. आतड्यातल्या सगळ्या जंतूंना लागते. म्हणून विनाकारण घेतलेली प्रत्येक गोळी चिवट जंतूंना रान मोकळे करून देते. साधी सर्दी आणि फ्लू विषाणूंनी होतात. विषाणूंवर अँटिबायोटिक चालतच नाही. तरी आपण ते घेतो. गाई-म्हशींना आणि कोंबड्यांनाही हवे तसे देतो. कासेला सूज आली तर दुधाच्या नमुन्याचीही अशीच बशीतली परीक्षा होते. गुरांच्या डॉक्टरांना विचारावे.

फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल घेतानाच बजावले होते, की औषध अपुरे घेतले तर जंतू त्याला सरावतील. तसेच झाले. जगभरच्या संशोधकांनी २०२२ साली एक हिशेब मांडला. २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली.

आपण काय करायचे?

१. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक घेऊ नये. अशा औषधांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते. ती ओळखायला शिका. २०१६ सालापासून सरकार ही रेघ लोकांना समजावून सांगत आहे.

२. डॉक्टरांनी सांगितले तितकेच दिवस आणि त्याच वेळेला घ्यावे. कमी नको, जास्तही नको. मध्येच बंद करावेसे वाटले तर त्यांना विचारावे.

३. उरलेले औषध साठवू नये. शेजारणीला देऊ नये. तिचे दुखणे वेगळे, तिचा जंतू वेगळा.

४. दुखणे पुन्हा पुन्हा येत असेल, किंवा दोन-तीन दिवसांत औषधाने उतार पडत नसेल, तर विचारावे, "डॉक्टर, जंतूंची तपासणी करायची का?" विचारण्यात अपमान नाही.

५. नमुना औषधाच्या आधी द्यावा. जुना निकाल जपून ठेवावा आणि पुढच्या वेळी दाखवावा.

६. हात धुवावेत, पाणी स्वच्छ ठेवावे. जंतू अंगात शिरलाच नाही, तर औषधाची गरजच नाही.

माझी पत्नी आता बरी आहे. गोळ्यांचा तो डबा मी दवाखान्यात नेऊन रिकामा केला. आता त्यात ती भेंडी-गवारीचे बी ठेवते. पेरायच्या आधी गोणपाटात उगवून पाहते. माझ्याकडे बघून म्हणते, "आधी परीक्षा, मग पेरणी. गुरुजींनीच शिकवलंय!" मी गप्प बसतो.

वाचून झाल्यावर आपसात बोला

तुमच्या घरी उरलेल्या गोळ्या आहेत का? त्या कोणी, केव्हा दिल्या होत्या?

दोन औषधांची वर्तुळे सारखी असली तरी निकाल वेगळा का येतो?

नमुना औषधाच्या आधी का द्यावा?

घरी जाऊन औषधांची पाकिटे पाहा. लाल रेघ कोणाकोणावर आहे?